टेकडीवरचा किल्ला आणि बंदरावरचा घाट

पोर्ट लुईस शहरात बाजाराकडून किंवा शाँ दे मार्सच्या मैदानावरून मान वर केली की टेकडीवर काळ्या दगडाचा एक बसका किल्ला दिसतो. सरकारी कागदांत त्याचे नाव फोर्ट अ‍ॅडिलेड असे आहे. आपण सगळे त्याला ‘सितादेल’ म्हणतो. घोड्यांच्या शर्यतीला जाताना, बाजारहाट करताना, मुलांना घेऊन शहरात येताना आपल्या सर्वांच्या नजरेस तो पडलेला आहे. वर चढून गेलेले मात्र थोडेच. गेलेच तर वाऱ्याला बसायला, बंदराचा फोटो काढायला, नाहीतर एखाद्या रात्री गाण्याच्या कार्यक्रमाला.

आपल्या पूर्वजांच्या आगमनाच्या स्मरणिकेत या किल्ल्याचे काय काम, असे कोणी विचारील. आप्रवासी घाट आपला, तिथल्या सोळा पायऱ्या आपल्या. हा किल्ला तर इंग्रजांचा. आम्हीही वर्गात मुलांना बरीच वर्षे घाटच शिकवत आलो. पण घाटाची गोष्ट नीट सांगायची तर ती टेकडीवरून सुरू करावी लागते. १८३४ साली या किल्ल्याचे काम सुरू झाले आणि त्याच वर्षी २ नोव्हेंबरला ‘अ‍ॅटलास’ नावाचे जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन या बंदरात आले. एकाच प्रश्नातून या दोन्ही गोष्टी निघाल्या. तो प्रश्न असा होता : गुलामगिरी संपल्यावर या बेटाचे काय होणार?

राज्य एकाचे, जमीन दुसऱ्याची

इंग्रजांनी हे बेट फ्रेंचांकडून १८१० साली घेतले. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये ग्रां पोर्टच्या लढाईत फ्रेंच आरमाराने इंग्रजांचा पराभव केला होता. म्हणून नोव्हेंबरच्या अखेरीस इंग्रज मोठी फौज घेऊन उत्तरेला काप मालेर्योजवळ उतरले. त्या फौजेत हिंदुस्थानातले शिपाईही होते. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात फ्रेंचांनी शरणागती पत्करली.

शरणागतीच्या अटी मोठ्या सौम्य होत्या. रहिवाशांनी आपली भाषा, आपला धर्म, आपले कायदे आणि आपली मालमत्ता ठेवावी, असे ठरले. आज आपण सगळे क्रिओल बोलतो, वर्तमानपत्रे फ्रेंचमध्ये वाचतो, त्याचे मूळ या अटींत आहे. पण ‘मालमत्ता’ या शब्दात माणसेही येत होती. मादागास्कर आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून धरून आणलेले गुलाम कायद्याने मळेवाल्यांच्या मालकीचे होते, आणि निशाण बदलल्यावरही ते तसेच राहिले.

१८२५ साली लंडनने मॉरिशसच्या साखरेवरचा जकातीचा दर वेस्ट इंडीजच्या साखरेइतकाच केला. त्यामुळे इथली साखर इंग्लंडच्या बाजारात परवडू लागली. डोंगरउतारावरचे जंगल तुटले, ऊस वाढला, आणि ऊस वाढला तसा गुलामांवरचा भार वाढला. राज्य इंग्रज गव्हर्नरचे होते, पण जमीन, कारखाने आणि पैसा फ्रेंच वंशाच्या मळेवाल्यांच्या हातात होता. लंडनमध्ये गुलामगिरी बंद करण्याची चळवळ जोर धरू लागली, तेव्हा या दोघांत ठिणगी पडली.

जेरेमीचे प्रकरण

जॉन जेरेमी हा इंग्रज कायदेपंडित गुलामगिरीचा उघड विरोधक म्हणून ओळखला जात होता. १८३२ साली लंडनने त्याला इथे सरकारचा मुख्य वकील म्हणून पाठवले. तो जून महिन्यात बंदरात उतरला आणि सारे शहर बंद पडले. दुकाने, कचेऱ्या, न्यायालये यांचे काम थांबले. मळेवाल्यांनी स्वयंसेवकांची हत्यारबंद पथके उभी केली होती. त्यांचे पुढारीपण आद्रियां देपिने या वकिलाकडे होते. काही आठवड्यांतच गव्हर्नर कोलव्हिल याने जेरेमीला परत जहाजावर बसवले.

इंग्रजांसाठी ही फार मोठी नामुष्की होती. आपल्याच वसाहतीत आपलाच अधिकारी टिकू शकत नाही, हे साऱ्या जगाने पाहिले. पुढच्या वर्षी लंडनने नवा गव्हर्नर, सर विल्यम निकोले, याला नेमले आणि जेरेमीलाही जादा सैन्यासह पुन्हा पाठवले. मळेवाले बंड करतील आणि बंड झाले तर फ्रान्सचे आरमार त्यांच्या मदतीला येईल, ही शंका सरकारच्या मनात पक्की बसली. त्या शंकेतून या बेटावरच्या नव्या तटबंद्या उभ्या राहिल्या.

पाच बुरूज आणि एक किल्ला

पहिले काम किनाऱ्यावर झाले. १८३२ ते १८३५ या काळात पश्चिम बाजूला पाच मार्टेलो बुरूज बांधले गेले. कोर्सिका बेटावरच्या मोर्तेला या ठिकाणच्या एका गोल बुरुजाने १७९४ साली इंग्रजांच्या दोन लढाऊ जहाजांना दाद दिली नव्हती. इंग्रजांनी त्याचाच नमुना उचलला आणि नेपोलियनच्या भीतीने इंग्लंडच्या किनाऱ्यावर तसे अनेक बुरूज बांधले.

त्यांतला एक बुरूज आपल्या अगदी ओळखीचा आहे. ब्लॅक रिव्हर भागात ला प्रेनेजच्या समुद्रकाठी तो उभा आहे. डागडुजी होऊन आता तिथे छोटे संग्रहालय झाले आहे. ब्लॅक रिव्हर म्हणजे आपल्या मराठी कुटुंबांचा जुना मुलूख. कास्कावेलपासून खाली दक्षिणेपर्यंत आपले लोक राबले, वसले, गणपती बसवू लागले, झाकरी नाचू लागले. त्या भागात वाढलेल्या कित्येकांनी लहानपणी या बुरुजाच्या सावलीत खेळून घेतले असेल.

या बुरुजाची रचना मुलांना दाखवण्यासारखी आहे. भिंत गोलसर, कारण गोल भिंतीवर गोळा सरळ बसत नाही, घसरून जातो. समुद्राकडच्या बाजूला भिंत जास्त जाड, कारण मार तिकडून येणार. दार जमिनीपासून उंचावर, म्हणजे शिडी वर ओढून घेतली की शत्रूला आत शिरता येत नाही. खाली दारूगोळा आणि शिधा, मधल्या मजल्यावर शिपायांची राहण्याची जागा, आणि गच्चीवर सगळीकडे फिरवता येणारी तोफ. ती समुद्राकडे वळते तशीच जमिनीकडेही वळते.

पोर्ट लुईसच्या टेकडीवरचे काम त्याहून मोठे होते. १८३४ साली निकोलेच्या कारकिर्दीत ते सुरू झाले. राजा चौथा विल्यम याच्या राणीचे, अ‍ॅडिलेडचे, नाव किल्ल्याला दिले गेले. काम सहा वर्षे चालले. मधे १८३७ साली विल्यम वारला, व्हिक्टोरिया गादीवर आली, आणि १८४० साली किल्ला पुरा झाला तो तिच्या राज्यात. याच बेटाच्या काळ्या दगडाचे तो घडलेला आहे. मध्ये मोकळे अंगण, त्याभोवती शिपायांच्या आणि कोठाराच्या खोल्या, वर तोफांसाठी जागा.

या किल्ल्याची जागा नीट पाहावी. रत्नागिरी, मालवण, सातारा, कोल्हापूर या भागांतून आलेल्या आपल्या पूर्वजांना किल्ला ही काही नवी वस्तू नव्हती. शिवाजी महाराजांनी १६६४ साली बांधायला घेतलेला सिंधुदुर्ग भर समुद्रात आहे आणि त्याचे वैर समुद्रातून येणाऱ्याशी आहे. विजयदुर्गही समुद्रावरच नजर ठेवून आहे. सितादेल मात्र शहराच्या डोक्यावर आहे. एका बाजूला बंदर, दुसऱ्या बाजूला शाँ दे मार्स, खाली सारे रस्ते आणि घरे. बाहेरून शत्रू आला तर बंदरावर मारा करायचा आणि आतून बंड झाले तर शहरावर, अशी ती जागा आहे. मळेवाल्यांना हे सांगायची गरज नव्हती. त्यांना ते खालून दिसत होते.

अ‍ॅटलास आधीचे हिंदुस्थानी

त्या काळी या शहरात हिंदुस्थानी माणूस नव्हता असे नाही. फ्रेंचांच्या वेळेपासून दक्षिण हिंदुस्थानातले कारागीर इथे होते. इंग्रजांनी १८१५ पासून हिंदुस्थानातले कैदीही इथे धाडले. १८३७ पर्यंत बंगाल आणि मुंबई इलाख्यांतून सुमारे दीड हजार कैदी आणले गेले आणि रस्ते, पूल अशा सरकारी कामांवर लावले गेले. १८३६ साली, सितादेलचे काम चालू असताना, चार्ल्स डार्विन आपल्या प्रवासात पोर्ट लुईसला थांबला होता. या कैद्यांचा रुबाबदार चेहरामोहरा पाहून तो चकित झाला आणि तसे त्याने आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवले.

आपल्या आगमनाचा इतिहास आपण २ नोव्हेंबर १८३४ पासून मोजतो, आणि ते योग्यच आहे. पण मुंबई इलाख्यातून बेड्या घालून आणलेली माणसेही या बेटाच्या रस्त्यांवर खपली आहेत. त्यांच्या नावाने आपण कुठे दिवा लावत नाही, निदान या पानावर त्यांची आठवण राहावी.

प्रश्न सुटला, तो तोफेने नव्हे

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ब्रिटिश संसदेने गुलामगिरी बंद करण्याचा कायदा १८३३ साली केला. मॉरिशसमध्ये तो १ फेब्रुवारी १८३५ पासून लागू झाला. तेव्हा बेटावर ६६ हजारांच्या आसपास गुलाम होते. त्यांच्या मालकांना नुकसानभरपाई म्हणून सुमारे २१ लाख पौंड मंजूर झाले. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या फुकट कष्ट केले त्यांना एक पैसाही मिळाला नाही. उलट त्यांच्यावर ‘उमेदवारी’ लादली गेली, म्हणजे जुन्याच मालकाकडे आणखी काही वर्षे सक्तीने काम. ती उमेदवारी ३१ मार्च १८३९ रोजी संपली.

भरपाईचा पैसा हाती आल्यावर मळेवाल्यांचा राग निवळला. आता त्यांना बंडापेक्षा मजुरांची चिंता होती. मोकळे झालेले लोक उसाच्या शेतात थांबायला तयार नव्हते, आणि थांबलेच तर रास्त मजुरी मागत होते. चाबूक ज्या जागी खाल्ला त्या जागी कोण राहील? कोणी समुद्रकाठी मासेमारीला गेले, कोणी डोंगराकडेच्या तुकड्यावर भाजीपाला लावू लागले, कोणी शहरात धंदा शोधला.

याच ठिकाणी आपली गोष्ट सुरू होते. महिना पाच रुपये आणि शिधा, पाच वर्षांचा करार, अशा अटींवर हिंदुस्थानातून माणसे आणता येतात हे अ‍ॅटलासवरच्या ३६ जणांनी सिद्ध केले. गुलामांऐवजी करारबद्ध मजूर चालतील का, याचा प्रयोग इंग्रज सरकारने या बेटावर केला. पुढच्या चार-पाच वर्षांत वीस हजारांहून अधिक माणसे आली. फसवणूक आणि हाल यांची ओरड झाल्यावर ही वाहतूक थांबवली गेली. १८४२ नंतर सरकारी देखरेखीखाली ती पुन्हा सुरू झाली. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन बंदरांतून जहाजे निघू लागली. मुंबईच्या जहाजांवर कोकणातले आणि घाटावरचे आपले लोक होते.

त्यांनी मागे काय सोडले तेही लक्षात घ्यावे. १८१८ साली पेशवाई बुडाली, सह्याद्रीवरचे गड इंग्रजांच्या ताब्यात गेले, आणि अनेक गडांच्या वाटा व पायऱ्या त्यांनी सुरुंग लावून उडवल्या. गडांवर वंशपरंपरेने चाकरी करणाऱ्यांची वतने धोक्यात आली, तेव्हा १८४४ साली कोल्हापूरकडे सामानगडावर गडकऱ्यांनी बंड केले. ते मोडले गेले. तिकडे किल्ले ओस पडत होते आणि इकडे एक नवा किल्ला उभा राहिला होता. १८४० नंतर मुंबईहून आलेल्या माणसाने पोर्ट लुईसच्या बंदरात शिरताना टेकडीवर पाहिले असेल, तर पुन्हा एक किल्ला, आणि त्यावर पुन्हा तेच निशाण.

कागदाची तटबंदी

सितादेल पुरा झाला तोपर्यंत तो ज्यासाठी बांधला ते कारणच उरले नव्हते. मळेवाले शांत होते, फ्रान्सचे आरमार आले नाही. या किल्ल्याला कुठल्याही शत्रूशी लढाई करावी लागली नाही. आपल्या पूर्वजांनाही त्या तोफांचे भय नव्हते. त्यांना धाकात ठेवायला दुसरी साधने होती, आणि ती कागदाची होती.

१८४९ साली बंदरावर आप्रवासी घाटाची इमारत बांधायला घेतली गेली. जहाजातून उतरलेला माणूस त्या पायऱ्या चढला की त्याचे नाव, बापाचे नाव, गाव, जात, वय, अंगावरच्या खुणा वहीत चढत. त्याला नंबर मिळे. मळ्यावर एक दिवस गैरहजर राहिला तर दोन दिवसांची मजुरी कापली जाई. करार संपलेल्या माणसालाही पास जवळ बाळगावा लागे, पुढे पुढे त्यावर फोटोही आला. पास नसला की पोलीस धरत, ‘भटका’ ठरवत, तुरुंगात टाकत. आपल्या आडनावांचे जे विचित्र फ्रेंच वळणाचे स्पेलिंग झाले आहे ते त्याच वह्यांतले आहे. दगडी किल्ल्याला तोफ लागते, शिपाई लागतात. या कागदी किल्ल्याला एक कारकून पुरत असे.

पण त्या किल्ल्यावरही हल्ला झाला, आणि तो आपल्या लोकांनी केला. १८७१ साली आदोल्फ दे प्लेव्हित्झ या मळ्याच्या व्यवस्थापकाने जुन्या मजुरांच्या तक्रारींचा अर्ज गव्हर्नरकडे दिला. त्यावर ९,४०१ जणांच्या सह्या आणि निशाण्या होत्या. दे प्लेव्हित्झला भर रस्त्यात मारहाण झाली, पण लंडनहून चौकशी आयोग आला आणि पुढे कायदे बदलले. बहुतेकांना लिहिता येत नव्हते. ज्या कागदाने त्यांना जखडले त्याच कागदावर त्यांनी आपली निशाणी उठवली. या बेटावर ज्याला खरोखर लढाई म्हणावे असे काही त्या काळात आपल्या लोकांनी केले असेल, तर ते हे आहे.

तोफा जुन्या होतात

किल्ल्याचे पुढे काय झाले? दगडी तटावरच्या जुन्या तोफा गुळगुळीत नळीच्या होत्या आणि लोखंडी गोळा फेकत. १८६०च्या आसपास आटे पाडलेल्या नळीच्या नव्या तोफा आल्या. त्यांचा लांबट, स्फोट होणारा गोळा कितीतरी दूर जाई आणि दगडी भिंत फोडून काढी. जगभरातले असे किल्ले एका पिढीत जुने झाले. बंदराच्या रक्षणाचे काम पाण्याच्या तोंडाशी असलेल्या फोर्ट जॉर्जकडे गेले. १८६७च्या हिवतापाच्या साथीत पोर्ट लुईसमध्ये हजारो माणसे मेली. ज्यांना परवडत होते ते क्युरपीप आणि प्लेन विल्यम्सच्या उंचावरच्या गावांकडे निघून गेले. १८६९ साली सुएझचा कालवा उघडला आणि युरोपहून हिंदुस्थानला जाणाऱ्या जहाजांना मॉरिशसचा वळसा घालण्याचे कारण राहिले नाही. सितादेल टेकडीवर तसाच राहिला.

१२ मार्च १९६८ रोजी दुपारी शाँ दे मार्सवर इंग्रजांचे निशाण उतरले आणि आपले चौरंगी निशाण चढले. ते मैदान सितादेलच्या पायथ्याशीच आहे. ज्या टेकडीवरून शहरावर तोफा रोखायच्या होत्या, तिच्याखाली मजुरांची नातवंडे आणि गुलामांची पतवंडे एकत्र उभी होती.

मुलांना काय सांगावे

आम्ही शिक्षक मंडळी मुलांना घाटावर नेतो. २००६ साली तो जागतिक वारसा झाला, दोन वर्षांनी ल मोर्नचा डोंगरही झाला. हे दोन वारसे दोन समाजांचे, असे मुलांच्या मनात नकळत बसते. १ फेब्रुवारी त्यांचा, २ नोव्हेंबर आपला. सितादेलवर उभे राहिले की ही वाटणी टिकत नाही. त्या दोन तारखांमध्ये तीनच महिन्यांचे अंतर आहे. एका समाजाची सुटका आणि दुसऱ्याचे आगमन एकाच हिशेबात मांडले गेले होते.

त्या हिशेबातला एक भाग आपल्याला ऐकायला कडू आहे. मोकळे झालेले लोक जास्त मजुरी मागत होते, म्हणून त्यांच्या जागी स्वस्त हात आणले गेले. ते हात आपल्या आजा-पणज्यांचे होते. १८६१च्या सुमारास बेटाच्या लोकसंख्येत निम्म्याहून जास्त हिंदुस्थानी झाले, आणि नव्याने स्वतंत्र झालेल्या माणसांच्या मागणीला वजन उरले नाही. यात आपल्या पूर्वजांचा दोष नाही. ते पोटासाठी आले, अनेकजण फसवून आणले गेले. कोणाची मजुरी पाडण्यासाठी आपल्याला आणले जात आहे हे मुंबईच्या धक्क्यावर त्यांना कोणी सांगितले नाही. पण आपल्याला आज ते माहीत आहे. घाटावर गेल्यावर फक्त आपल्याच कष्टांची कहाणी सांगून परत येणे आता पुरेसे नाही.

म्हणून आमची सूचना साधी आहे. मंडळांच्या सहलींनी आणि शाळांनी घाट आणि सितादेल एकाच दिवशी पाहावेत. सकाळी ऊन चढायच्या आत टेकडीवर जावे. अंगणात मुलांना बसवून १८३२ची, जेरेमीची, १८३५च्या सुटकेची गोष्ट सांगावी, आणि ती सांगायला शेजारच्या क्रिओल शिक्षकाला बोलवावे. मग तटावरून बंदराकडे बोट दाखवून विचारावे, घाट कुठे आहे? मुलांना तो शोधायला थोडा वेळ लागेल, कारण आता भोवती उंच इमारती आहेत. सापडला की खाली उतरून चालत तिकडे जावे. वाटेत बाजार लागतो, तिथे पोरांना धोलपुरी खाऊ घालावी. उरलेली गोष्ट पायऱ्यांवर बसून सांगावी.